‘प्रकट मुलाखत’ आणि ‘मुलाखत केली’

प्रश्न असा आहे की कलाकारांच्या कार्यक्रमाला ‘प्रकट मुलाखत’ का म्हणतात, मुलाखत काय गुप्त असते का, आणि हल्ली पॉडकास्टवाले ‘आम्ही त्यांची मुलाखत केली’ म्हणतात ते बरोबर आहे का.

आधी मुलाखत. शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला, मूळ मुलाक़ात म्हणजे भेट, तिथला ‘क़’ मराठीत ‘ख’ झाला, वक़्तचा वखत झाला तसाच. हिंदीत अजून भेट हाच अर्थ आहे, जुन्या मराठीतही होता, अमक्या सरदाराची मुलाखत झाली म्हणजे समोरासमोर भेट झाली. नंतर भेटीसाठी भेट हाच शब्द पुरला आणि मुलाखत प्रश्नोत्तरांपुरती उरली. तुरुंगात मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे, कैद्याला नातेवाईक भेटायला येतात त्याला तिथे मुलाखतच म्हणतात.

आता प्रकट. ते गुप्तच्या विरुद्ध नाहीये. मासिकासाठी किंवा दिवाळी अंकासाठी मुलाखत होते तेव्हा खोलीत दोघंच असतात, वाचकाला नंतर मिळतो तो मजकूर, बऱ्याचदा प्रश्न काढून टाकून कलाकारच सलग बोलतोय असा लिहिलेला आणि खाली ‘शब्दांकन’ म्हणून दुसऱ्याचं नाव. प्रकट मुलाखत लोकांसमोर घडते, तिथे काही खोडता येत नाही, कलाकार अडखळला तर तेही दिसतं आणि एखाद्या आठवणीवर गप्प झाला तर तेही. संस्कृत नाटकात पात्र मनाशी बोललं की ‘स्वगत’ आणि मोठ्याने बोललं की ‘प्रकाशम्’ अशी सूचना असते, त्याच जातीचा हा प्रकट आहे, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला हा शब्द फार आवडतो, त्याऐवजी ‘लाइव्ह इंटरव्ह्यू’ म्हणायची काहीच गरज नाही, कारण लाइव्हमध्ये नुसती वेळ येते, समोर बसलेली माणसं येत नाहीत.

‘मुलाखत केली’ मात्र मला पटत नाही. मराठीत मुलाखत एक जण घेतो आणि दुसरा देतो, आणि ह्या दोन क्रियापदांमुळेच कोण कुठल्या बाजूला बसलाय ते कळतं. नुसतं ‘गोखल्यांची मुलाखत’ म्हटलं तर गोखले विचारणारे की उत्तरं देणारे ते संदर्भावरून ठरवावं लागतं, ‘गोखल्यांनी मुलाखत घेतली’ म्हटलं की प्रश्न मिटला. करणे लावलं की ही सोय जाते. एपिसोड केला म्हणा, शूट केलं म्हणा, पण मुलाखत घेतली. घेणारा मुलाखतकार हे पक्कं रुळलंय. देणाऱ्यासाठी ‘मुलाखतदाता’ कुठेकुठे वाचायला मिळतो, लिहिण्यात चालेल, पण बोलताना पाहुणे किंवा सरळ त्या माणसाचं नावच बरं.

ह्याला पर्याय म्हणून लोक ‘संवाद’ आणि ‘गप्पा’ वापरतात. संवादाची अडचण नाटक-सिनेमावाल्यांशी बोलतानाच येते, कारण त्यांच्याकडे संवाद म्हणजे पाठ केलेली वाक्यं. गप्पांना दोघं बरोबरीचे लागतात, दोघांनी आपापलं सांगायचं असतं. एकाने कागदावरचे प्रश्न वाचायचे आणि दुसऱ्याने उत्तरं द्यायची ह्याला ‘दिलखुलास गप्पा’ नाव दिलं तरी ती मुलाखतच राहते. गंमत म्हणजे टीव्हीवरच्या गाजलेल्या कार्यक्रमांनी नावात मुलाखत शब्द घेतलाच नाही, १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ घ्या, विक्रम गोखल्यांचं ‘दुसरी बाजू’ घ्या किंवा झी मराठीवरचं ‘खुपते तिथे गुप्ते’. शब्दाला कामकाजाचा वास आहे, नोकरीचीही मुलाखतच असते ना, म्हणून टाळत असावेत असं मला वाटतं.

पण ह्या सगळ्यात मराठीत सगळ्यात नेमका शब्दप्रयोग आहे ‘बोलतं करणं’. कार्यक्रमाच्या बातमीत ‘अमुक यांनी त्यांना बोलतं केलं’ असं येतं बघा. गायिकेला ‘रियाज किती तास करता’ विचारलं तर एक आकडा मिळतो आणि विषय संपतो. तेच ‘तानपुरा लावून बसल्यावर आवाज लागत नसेल त्या दिवशी काय करता’ विचारा, ती खर्जावर थांबण्याबद्दल सांगेल, गुरू काय म्हणायचे ते सांगेल, कदाचित गाऊनही दाखवेल. पहिल्या प्रश्नाने मुलाखत घेतली जाते, दुसऱ्याने माणूस बोलता होतो. तेव्हा तुमच्या निवेदनात ‘प्रकट मुलाखत’ आणि खाली ‘बोलतं करणार आहेत अमुक’ असं बिनधास्त लिहा, दोन्ही अस्सल मराठी आहे.