बडोद्यात कलंदर व्हायचंय? आधी एवढं बघ

पॅरिसचं मोंमार्त्र, म्हणजे तिथली कलाकारांची वस्ती, डोक्यात घेऊन बडोद्यात आला असशील, तर पहिल्या महिन्यातच हिरमोड होईल. तिथे पिकासो १९०४ साली 'बातो-लाव्वार' नावाच्या कलाकारांच्या जुनाट इमारतीत, मोडक्या खोलीत राहायला गेला. भाडं कमी, आणि घरचे दूर स्पेनमध्ये. इथे घर सुटत नाही. दांडिया बाजारातला पोरगा रात्री उशिरापर्यंत एचिंगची (छापचित्राची) धातूची प्लेट घासतो आणि सकाळी आईबरोबर भाजी आणायला जातो. म्हणून त्याला कुणी कमी कलाकार समजत नाही. नामवंत चित्रकार भूपेन खख्खर इथेच चित्रं काढायचे आणि पोटासाठी हिशेब लिहायचे.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- नोकरी सोडून येतात. सोडू नकोस.
- पॅरिससारखे कॅफे शोधत फिरतात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे मैफल जमते ती फतेगंजात चहाच्या लारीवर. तिथे तासभर नुसतं ऐक. गुजराती, मराठी, मल्याळी, बंगाली, सगळं कानावर पडेल. वाद घालायला पुढे भरपूर वेळ आहे.
- दाढी आणि झोळी आधी, काम नंतर. (जुने लोक यावर फार हसतात.)

इथल्या विद्यापीठाच्या कला विभागाचं, म्हणजे फाइन आर्ट्सचं, वार्षिक प्रदर्शन लागलं की स्केचबुक घेऊन ये, ओळखी करून देतो.