पक्ष्यांसाठी परवडणारी लेन्स

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा 1500डी कॅमेरा आणि 55-250 मिलिमीटरची लेन्स आहे. थंडीत मुलीला घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातो, पण तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावरून काढलेल्या फोटोंत पक्षी नुसते ठिपक्यासारखे दिसतात. मित्र म्हणतात, 600 मिलिमीटरच्या लेन्सशिवाय पर्याय नाही. खर्चाची मर्यादा 45 हजार. काय घ्यावं?
— एक शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सर, 600 च्या मागे लागू नका. 45 हजारांत नवी 150-600 बसत नाही. सेकंडहँड मिळाली, तरी सिग्मा कंपनीच्या 150-600 कंटेम्पररी लेन्सचं वजन 1,930 ग्रॅम आहे. सोबत मूल असताना ती लेन्स बहुतेक वेळ पिशवीतच राहते. मी तुम्हाला सिग्माची 100-400 सुचवेन. कॅनन ईएफ माउंटची (म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या जोडणीची), सेकंडहँड. वजन 1,160 ग्रॅम, म्हणजे हातात धरून उडता चक्रवाक टिपता येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे 400 वर दिसणारी चौकट फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरच्या 640 इतकी असते.

आता थोडं गणित करू, कारण पैसे वाचतात ते इथेच. चिमणीएवढा छोटा खंड्या साधारण 16 सेंटिमीटरचा. तो 30 मीटरवर बसला असेल, तर 250 वर तुमच्या 6000 पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम 360 पिक्सेल भरतो. 400 वर 575, 600 वर 860. पण 250 घेऊनच तुम्ही 15 मीटरवर पोहोचलात, तर 720! अंतर निम्मं करणं हे 400 पेक्षा जास्त कामाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. म्हणून आधी मनोऱ्यावरून खाली या. कालव्याच्या कडेला गाडी उभी करा, इंजिन बंद करा, खिडकीच्या काचेवर बाजरी भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. पक्षी माणसाला बिचकतात, उभ्या गाडीला फारसे नाही.

मनोऱ्यावरून दूरच्या थव्यांचे फोटो 600 नेही मनासारखे येतील असं नाही. ऊन वर आलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि पिसांचा तपशील पुसला जातो. त्यावर कोणतीच लेन्स उपाय नाही, लवकर पोहोचणं हाच उपाय. कोवळ्या उन्हात एफ 6.3 ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप) आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 1600 ते 3200 लागेल. बिनधास्त ठेवा. फोटोत थोडे दाणे (नॉइज) चालतात, हललेला पक्षी चालत नाही. बसलेल्यासाठी शटर 1/500 सेकंद, उडत्यासाठी 1/2000 च्या आसपास. स्टॅबिलायझर तुमचा हात स्थिर करतो, पक्ष्याचा पंख नाही.

दोन गोष्टी घेऊ नका. स्वस्त दिसणारी कॅननची ईएफ 75-300 : तिच्यात स्टॅबिलायझर नाही आणि 300 वर तिचा फोटो मऊ, म्हणजे कमी स्पष्ट, येतो. दुसरी आरएफ 100-400. 635 ग्रॅमची, छान लेन्स, पण ती मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आहे, तुमच्या कॅमेऱ्याला बसणारच नाही. उलट आज घेतलेली ईएफ लेन्स उद्या अॅडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवर चालते.

सेकंडहँड घेताना आपला कॅमेरा सोबत न्या. मोबाईलचा टॉर्च एका टोकाकडून आत मारून दुसऱ्या टोकाने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा मोडा. मग 400 वर विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो काढा. चारही कोपऱ्यांपैकी एकच फार धूसर असेल, तर आतलं भिंग सरकलेलं असू शकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरतं.

प्रश्न : घरट्याचे फोटो काढायला किती लांबीची लेन्स लागेल?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : घरट्याचे फोटो काढू नका. आपण जवळ थांबलो की आईबाप परतत नाहीत. अंडी थंड पडतात, पिल्लं उपाशी राहतात आणि कावळ्यांना जागा कळते. फांद्या बाजूला करून फोटो काढणारे मी पाहिले आहेत, ते पाहून फार वाईट वाटतं. पिल्लं घरट्याबाहेर पडून आईबापांच्या मागे फिरू लागली की मग काढा. तेव्हाही दुरून.