रेटिंग पडतंय, पण नेमकं चुकतंय कुठं?

प्रश्न : नमस्कार दादा, मी दोन महिन्यांपासून एज ऑफ एम्पायर्स २ या गाव वसवून लढायच्या गेमची डेफिनिटिव्ह एडिशन खेळतोय, कॉम्प्युटरला आरामात हरवतो म्हणून रँक्ड (ऑनलाइन माणसांशी, रेटिंगसाठी) चालू केलं तर सलग नऊ गेम हरलो. समोरचा नाइट (घोडेस्वार) घेऊन येतो तेव्हा माझ्याकडं धड चार भालेवाले पण नसतात. किल्ला बांधायचा प्लॅन असतो पण तिथपर्यंत पोचतच नाही. अनुभवी लोकांचा हात फास्ट असतो म्हणून जिंकतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नऊच ना, मग काय एवढं! रँक्डला नव्या माणसाला पण सुरुवातीला १००० च्या आसपास रेटिंग देतात, आणि तिथं बसलेले लोक बरेच दिवस मार खाऊन टिकलेले असतात. थोडा खाली घसरलास की तुझ्यासारखेच भेटतील.

हाताचं नंतर बघू. तुझ्या गावात नाइट घुसतात तेव्हा जे दिसतं ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच घडून गेलेलं असतं. हिशोब बघ, एका व्हिलेजरला, म्हणजे गावच्या कामकऱ्याला, ५० फूड आणि २५ सेकंद लागतात, सुरुवातीला फूड असतं २००, म्हणजे चार व्हिलेजर, म्हणजे १०० सेकंद, तेवढ्यात मेंढ्या कापायला लागल्या पाहिजेत नाहीतर व्हिलेजर काढणारं टाऊन सेंटर गप्प. त्यात तीन व्हिलेजर आणि स्काऊट (टेहळणीचा घोडेस्वार) मिळून आधीच चार जण आणि जागा पाचांची, घर नाही बांधलं तर दुसराच व्हिलेजर अडकला! नवखा माणूस तेव्हा स्काऊट घेऊन नकाशात पर्यटन करत असतो. दोन मिनिटं टाऊन सेंटर रिकामं राहिलं की जवळपास पाच व्हिलेजर गेले, आणि त्यांनी पुढं तोडलं असतं ते लाकूड पण गेलं. अनुभवी माणूस ऐन लढाईत सुद्धा मधेमधे कीबोर्डवरचं एच (टाऊन सेंटरवर नेणारं बटण) दाबून गावात डोकावतो, व्हिलेजर लावतो आणि परत लढाईवर येतो. आपण मात्र दोन घोड्यांची मारामारी डोळे फाडून बघत बसतो, मी पण कित्येक महिने हेच केलंय.

दुसरं म्हणजे तुझा तो किल्ला. घरूनच ठरवून आलेला प्लॅन समोरच्याला काय माहीत? त्याच्या गावात तबेला दिसला की भालेवाले काढायला घ्यायचे, एक ३५ फूड आणि २५ लाकडात येतो, त्याच्या नाइटला ६० फूड आणि ७५ सोनं जातं. दोन भालेवाले देऊन एक नाइट पडला तरी सौदा आपल्याच फायद्याचा. पण त्यासाठी स्काऊट त्याच्या गावाभोवती फिरायला हवा, रानडुकराच्या मागं नाही.

आता एक काम कर, हरलेल्या गेमचं रेकॉर्डिंग लाव आणि पहिली दहा मिनिटं समोरच्याच्या बाजूनं बघ. लढाई बघू नकोस, फक्त व्हिलेजर मोज, थोडं लाजिरवाणं वाटेल पण बघ.

प्रश्न : मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कॉलेजात असताना सायबर कॅफेत हाच गेम खेळायचो, तिथं मला कोणी हरवायचं नाही. आता विशीतली पोरं वीस मिनिटांत घरी पाठवतात. वय झालं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, वय राहू द्या, कॅफेतले नियम आठवा. अर्धा तास कोणी कोणावर चाल करायची नाही असं ठरवून खेळायचो ना आपण? सगळ्यांची भिंत बांधून झाली, किल्ले झाले की मग युद्ध! इथं तसली सभ्यता कोणी पाळत नाही, पोरं फ्यूडलमध्येच (गेमच्या दुसऱ्या युगातच) लाकूडतोड्यांवर येतात, तेव्हा भिंत लवकर घाला आणि सुरुवातीला टीम गेम खेळा, जुना मित्र मिळाला तर उत्तमच. आणि फार्म एकेक करून हातानं परत पेरत असाल तर थांबा, आता ते आपोआप होतं, गिरणीवर बटण आहे.