उत्तर: संवाद वाढवू नका, आधी ताईची खुर्ची कुठे ठेवली आहे ते बघा

तुमच्या 12 मिनिटांच्या फिल्ममधली थोरली बहीण लोकांपर्यंत पोचत नाही, जेवणाच्या प्रसंगात ती मायाळू वाटते की धाक दाखवणारी हेच कळत नाही, म्हणून तिच्या तोंडी आणखी दोन वाक्यं आणि सुरुवातीला निवेदन घालू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून घालू नका. तुमची पोस्ट वाचताना मला माझी 2017 सालची फिल्म दिसत होती. तेव्हा मीही हाच उपाय केला होता आणि फिल्म आणखी खाली गेली.

आधी सांगून ठेवतो, मी सिनेमाच्या धंद्यात पूर्णवेळ नाही. नोकरी सांभाळून चार शॉर्टफिल्म केल्यात. तुमचं फुटेज पाहिलेलं नाही, तुम्ही टाकलेली तीन स्टिल्स (फिल्ममधले फोटो) तेवढी पाहिली. पण दुसऱ्या स्टिलमध्ये चौघं टेबलाच्या तीन बाजूंना बसलेत आणि कॅमेऱ्याकडची बाजू मोकळी आहे. पुण्यात आपण बरेच जण एकांकिका करून इकडे वळतो. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हे अंगात मुरलेलं असतं. भरत नाट्य मंदिरात ते बरोबर होतं, कारण तिथे बघणारा एकाच बाजूला बसलेला असतो. घरात तसं कुणी बसत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या फिल्ममध्ये नाना होते, निवृत्त हेडक्लार्क. आवाज कधी चढत नाही, पण घरात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. शनिवार पेठेतला एक वाडा मिळाला होता. नानांची आरामखुर्ची आम्ही ओसरीवर अशी ठेवली होती की तिथून दिंडी दरवाजा, वर जाणारा जिना आणि माजघराचं दार, तिन्ही दिसायचं. कुणी आलं, गेलं, नुसतं पाणी प्यायला उठलं तरी त्यांच्या नजरेखालून. तालमीत सुनेचं काम करणारी मुलगी मी न सांगता खुर्चीपाशी आली की पावलं हळू टाकायला लागली. त्या तालमीत नाना हे पात्र उभं राहिलं होतं.

मग बोळातल्या एका शॉटसाठी परवानगी काढायला गेलो. नाना दारातून बाहेर येतात, एवढाच 20 सेकंदांचा शॉट. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीवर सांगितलं, आधी दुसऱ्या विभागाचं पत्र आणा. ते आणलं तर त्यावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. क्रमांक घालून आणला तर साहेब रजेवर. माणसं किती, कॅमेरा केवढा, रस्ता अडणार का, हे पाच आठवड्यांत एकदाही कुणी विचारलं नाही. आम्ही सहा जण आणि एक ट्रायपॉड. तेवढ्यात वाड्याच्या मालकांकडे लग्न निघालं, नटाच्या तारखा संपत आल्या, आणि मी घाईघाईत वाकडला मित्राच्या फ्लॅटमध्ये शूटिंग उरकायचं ठरवलं. त्या कार्यालयाचा मला आजही राग येतो. पण खरी चूक पुढची आहे आणि ती माझी एकट्याची.

फ्लॅटवर गेल्यावर मी नानांची खुर्ची पांढऱ्या भिंतीला लावली. कारण काय, तर फ्रेम स्वच्छ दिसते. मुख्य दार त्याच भिंतीत होतं. म्हणजे येणारा माणूस आत शिरून दोन पावलं चालला की मग नानांना दिसणार. दार वाजलं की नाना मान वळवायचे. आतल्या खोल्या तर तिथून दिसतच नव्हत्या. जो माणूस वाड्यात सगळ्यांच्या आधी सगळं जाणत होता, तो फ्लॅटमध्ये घरातली गोष्ट शेवटी कळणारा म्हातारा झाला. संवाद तेच, नट तोच, आणि पहिल्या खेळानंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी मला सांगितलं, "आजोबा गोड आहेत हो."

मी निवेदन घातलं. "नाना म्हणजे घराचा धाक" वगैरे. आता पडदा एक सांगायला लागला आणि आवाज दुसरं. लोकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

त्याच फ्लॅटमध्ये हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेज होता. खुर्ची त्याच्या तोंडाशी ठेवली असती तर बाथरूमला जाणाऱ्यालाही नानांच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागलं असतं. म्हणजे जागा नव्हती असं नाही, मी जागेचा विचारच केला नव्हता. हे कळेपर्यंत साठवलेले 45,000 रुपये गेले होते आणि ते ज्येष्ठ नट मुलीकडे परगावी राहायला गेले होते. रीशूट झालं नाही.

त्यानंतर ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (1941) मधला नायकाच्या लहानपणीचा प्रसंग मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. आई आणि बँकवाला कॅमेऱ्याजवळ टेबलाशी कागदपत्रं घेऊन बसलेत, बाप मागे उभा राहून मुलाला बँकवाल्याच्या हवाली करायला विरोध करतोय, आणि ज्याचं आयुष्य ठरतंय तो मुलगा दूर खिडकीबाहेर बर्फात खेळतोय. छायालेखक ग्रेग टोलंडने चौघांनाही सुस्पष्ट ठेवलंय. बापाचा आवाज चढतो, पण त्या घरात निर्णय कुणाचा चालतो हे अंतरावरूनच कळतं. सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (1964) च्या सुरुवातीला तर बराच वेळ जवळजवळ संवादच नाहीत. नवरा पुस्तकात डोकं घालून बायकोच्या शेजारून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही, आणि ती हातातली दुर्बीण उचलून पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. एकाच घरातल्या माणसाकडे दुर्बिणीतून! तिचा एकटेपणा आणि तिचा मिश्कीलपणा, दोन्ही त्या एका हालचालीत येतं.

आता तुमचं टेबल. तुमच्या ताईने आईच्या माघारी भावंडांना वाढवलंय ना? मग भाजीचं पातेलं कुणाच्या हाताशी आहे? स्टिलमध्ये ते मधोमध आहे, म्हणजे ते सगळ्यांचं झालं. ते तिच्या उजव्या हाताशी ठेवा, इतरांचे हात तिथवर पोचू नयेत असं. कुणाला किती, हे ती न विचारता वाढते. धाकटा भाऊ स्वतःहून डाव घ्यायला वाकतो आणि ती बोलता बोलता पातेलं दोन बोटं आपल्याकडे ओढते. माया आणि हुकमत वेगळी दाखवायची गरजच उरत नाही. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी हवी आणि ती किंचित तिरकी हवी, कारण ती पूर्ण बसलेली नसतेच. भावाची पाठ कॅमेऱ्याकडे येऊ द्या. चेहरा दिसला नाही तरी त्याचे खांदे दिसतील आणि त्या प्रसंगाला ते पुरतील.

लेन्सबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स साधारण 75 मिमीसारखी वागते. दहा बाय अकराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवली तरी फ्रेममध्ये चेहरेच उरतात. त्यात आपण अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) 1.8 वर उघडून मागचं सगळं धूसर करतो. दिसतं छान, पण माणूस घरातून उचलून हवेत ठेवल्यासारखा होतो. 24 मिमी लावा, म्हणजे खोली जास्त मावेल, अॅपर्चर लहान करत 5.6 पर्यंत आणा आणि खोलीत उजेड वाढवा. क्लोजअप नंतर घ्या, आणि एकच घ्या.

शॉट डिव्हिजन (प्रसंगाची शॉट्समध्ये विभागणी) करण्याआधी घराचा नकाशा वहीत काढा. कोण कुठून कुणाला बघू शकतो याच्या रेघा मारा. दारात दोघं समोरासमोर आले तर कोण बाजूला होतं, कोण आल्यावर कोण उठतं, कुणाच्या जागेवर तो घरी नसतानाही कुणी बसत नाही, हे कलाकारांकडून करून घ्या. यातलं निम्मं तर एखाद्या मंगल कार्यालयात तासभर कोपऱ्यात बसलं की फुकट शिकायला मिळतं. यजमानीणबाई कुठे उभ्या आहेत आणि व्याही खुर्ची कुठे ओढतायत, एवढंच बघत बसायचं.

आणि तिसऱ्या स्टिलमध्ये ताईच्या मागे खिडकीत पोपटाचा पिंजरा आहे, तो काढा. तो तिच्या घरातला वाटत नाही, दिग्दर्शकाने आणून टांगलेला वाटतो.

परवानगीचं म्हणाल तर बाहेरचा शॉट कथेला खरंच हवा का, ते आधी ठरवा. माझा तो 20 सेकंदांचा शॉट शेवटी पटकथेतूनही गळला. घरातलं शूटिंग असेल तर मालकांची संमती कागदावर घ्या, तारखांसकट.

फक्त जेवणाचा प्रसंग पुन्हा करायचा तर एक रविवार पुरेल. फ्रिज बंद करायला विसरू नका, त्याची घरघर संवादांखाली येते. आणि शूटिंग संपल्यावर तो पुन्हा चालू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा.