अनेक कवींच्या इंग्रजी कवितांचा पहिला छापील संग्रह कोणता?

लंडनचा मुद्रक रिचर्ड टॉटेल याने जून १५५७ मध्ये काढलेला ‘साँग्ज अँड सॉनेट्स’ हा तो संग्रह. हल्ली ‘टॉटेल्स मिसेलनी’ या नावाने तो जास्त ओळखला जातो. टॉटेलचा खरा धंदा कायद्याची पुस्तकं छापण्याचा. पण दरबारी मंडळींच्या ज्या कविता तोवर मुख्यतः हस्तलिखितांतून आपापसांत फिरत होत्या, त्या त्याने कोणालाही विकत घेता येतील अशा केल्या. पुस्तक असं उचललं गेलं की जुलैअखेर दुसरी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर नाव फक्त सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड याचं, बाकीचे सगळे ‘इतर’. प्रत्यक्षात पहिल्या आवृत्तीत टॉमस वायटच्या कविता सरेपेक्षा दुपटीहून जास्त आहेत. शिवाय निकोलस ग्रिमाल्ड आणि अनामिक कवींचा मोठा विभाग. वायट १५४२ मध्ये वारला होता, सरेचा १५४७ मध्ये शिरच्छेद झाला होता, त्यामुळे तक्रार करायला दोघेही नव्हते! संपादकाने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. वायटच्या खडबडीत ओळी घासूनपुसून वृत्तात बसवल्या आणि कवितांना आपल्याच मनाने शीर्षकं दिली. म्हणून वायट वाचायचा असेल तर हस्तलिखितांवरून तयार केलेली आधुनिक आवृत्ती घ्या.

‘पहिला’ म्हणताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ‘द कोर्ट ऑफ व्हीनस’ हा छापील संग्रह याच्याही आधीचा आहे, पण त्याचे तुकडेच उरलेत.