कळसूबाईला पहिल्यांदाच जातोय, एका दिवसाच्या ट्रेकसाठी काय तयारी करू?

पहिलं म्हणजे शूज. नवीन कोरे घालून जाऊ नकोस, आठवडाभर आधी घालून मऊ कर आणि तळाची ग्रिप नीट बघ, कारण बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या लागतात आणि पावसात त्या पायऱ्यांवर चिखल बसतो, बूट सर्रकन सरकतो. शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून छत्री नाही, रेनकोटच. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये आत.

उंची १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, पण वाट मळलेली आहे, चुकायची भीती कमी. चढायला तीन-चार तास धर. पाणी माणशी दोन-तीन लिटर तरी घे, उन्हाळ्यात जास्तच. वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, भजी मिळतात पण आडवारी सगळ्या उघड्या असतीलच असं नाही, त्यामुळे चपातीभाजी, गूळ-शेंगदाणे सोबत असू दे.

आणि खरं सांगू का, पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळता आला तर टाळच, शिड्यांपाशी रांग लागते, वरचे उतरतायत खालचे चढतायत आणि सगळे भिजलेले, तिथे धक्काबुक्की झाली तर फार वाईट. पहाटे सहाच्या आत चढायला लाग. आधी पंधरा दिवस रोज जिने चढ-उतर कर, उतरताना गुडघे बोलतात रे. वर वारा जाम असतो, एक कोरडा टीशर्ट ठेव, देवीचं दर्शन घे आणि अंधाराच्या आत खाली ये.