हिशेब संरक्षणाचा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लागतं. नाटोतले देश वर्षानुवर्षं अमेरिकेचे पैसे थकवतात, असं बातम्यांत ऐकतो. मग त्यांना बाहेर का काढत नाहीत? आणि आता दोनाचे पाच टक्के झाले म्हणतात, ते कुणी कुणाला द्यायचे?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, बोरिवली (पूर्व)

उत्तर : सचिवसाहेब, ही थकबाकी नाही, कारण तिथे कुणी कुणाला बिलच पाठवत नाही. तुमच्याकडे सगळ्यांचे पैसे एका खात्यात जमा होतात आणि त्यातून वॉचमनचा पगार, लिफ्टची दुरुस्ती भागते. नाटो ही अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिथले दोन टक्के म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या एकूण उत्पन्नाच्या दोन टक्के इतका, आपल्या तिजोरीतून आपल्याच सैन्यावर करायचा खर्च. पोलंडने रणगाडे घेतले तर ते पोलंडचेच. जर्मनीने हात आखडला तर वाचलेले पैसे जर्मनीकडेच राहिले. अमेरिकेचं देणं म्हणून ते कुठल्या वहीत चढले नाहीत.

सामाईक खातंही आहे. ब्रुसेल्सचं मुख्यालय, लष्करी मुख्यालयं, काही धावपट्ट्या आणि इंधनवाहिन्या त्यातून चालतात. पण ते सर्व सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या जेमतेम 0.3 टक्के आहे. त्यातला वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. अमेरिका पूर्वी सुमारे 22 टक्के भरायची. 2021 पासून तो वाटा जर्मनीइतका, म्हणजे 16 टक्क्यांच्या आसपास आणला. मोठं भांडण या खात्यावरून होतच नाही.

भांडण आहे ते उरलेल्या सगळ्यावर. नाटोच्या 1949 च्या स्थापना करारात खर्चाचा एकही आकडा नाही. तिसरं कलम म्हणतं, प्रत्येकाने आपली लढण्याची ताकद राखावी आणि वाढवावी. पाचवं म्हणतं, एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला. दोन टक्क्यांचं ठोस वचन आलं 2014 मध्ये, रशियाने क्रिमिया घेतल्यावर, वेल्समधल्या बैठकीत. तेही दहा वर्षांत त्या दिशेने जाऊ, एवढंच. तेव्हा ही रेघ गाठलेले देश होते तीन : अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. युक्रेनचं युद्ध पेटलं आणि चित्र पालटलं. जून 2025 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या बैठकीत ठरलं की 2035 पर्यंत पाच टक्के : साडेतीन थेट सैन्यावर, आणि दीडपर्यंत पूल, बंदरं, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांवर. स्पेनने तिथेच सांगितलं की आम्हाला 2.1 टक्के पुरतात.

आता माझं मत. माझी नोकरी संरक्षणाच्या हिशेबखात्यात गेली, त्यामुळे टक्का ऐकला की मी आधी लेखाशीर्षं विचारते, म्हणजे पैसा कुठल्या सदरात गेला ते. एखादी युद्धनौका गोदीत दुरुस्तीला उभी असते. खलाशांचे पगार चालू, गोदी कामगारांचे पगार चालू, किनाऱ्यावरून वीज आणि पाणी घेतलेलं, त्यांची बिलं चालू. फक्त एका पंपाचा सुटा भाग परदेशातून यायचाय, म्हणून नौका महिनोन्‌महिने हलत नाही. वर्षअखेरीच्या तक्त्यात तिच्यावरचा खर्च पैन्‌पै दिसतो. ती समुद्रात किती दिवस होती याचा रकानाच नसतो. नाटोच्या व्याख्येत निवृत्त सैनिकांचं पेन्शनही खर्चात धरतात. धरावंच, तो त्यांचा हक्क आहे. पण पेन्शनने सीमेवर एक जवान वाढत नाही. आपल्याकडे 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यात 1.60 लाख कोटी पेन्शनचे. वेल्सलाही ही अडचण ठाऊक होती, म्हणून खर्चाचा पाचवा हिस्सा मोठ्या शस्त्रसामग्रीवर जावा अशी दुसरी अट घातली गेली. बातम्यांत मात्र पहिलीच अट गाजली.

शिवाय टक्का काढतात तो देशाच्या एकूण उत्पन्नाशी. 2020 मध्ये कोरोनाने उत्पन्नं घसरली आणि कित्येक देशांचा टक्का एकही बंदूक जास्त न घेता वर सरकला. ग्रीस कायम वरच्या रांगेत असतो, कारण त्याची नजर तुर्कस्तानवर असते, आणि तुर्कस्तानही नाटोचाच सदस्य! तो खर्च मित्रांच्या किती उपयोगाचा, हे विचारायला हवं. अमेरिकेचंही तसंच. सर्व सदस्यांच्या खर्चात 2024 मध्ये तिचा वाटा सुमारे दोन तृतीयांश होता, पण त्यातला बराच भाग प्रशांत महासागरासाठी आणि पश्चिम आशियासाठी आहे. तो सगळा युरोपच्या नावे मांडणं बरोबर नाही.

डेन्मार्ककडे बघा. पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर, आणि तेही अमेरिकेसाठी. डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा 55 लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही. त्यानंतरच्या अफगाणिस्तानच्या युद्धात त्यांचे 43 सैनिक मृत्युमुखी पडले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण मित्रदेशांत सर्वाधिक असलेल्यांपैकी होतं. त्या सगळ्या वर्षांत डेन्मार्कचा खर्च दोन टक्क्यांच्या बराच खाली होता. नोटीस बोर्डाच्या न्यायाने त्याचं नाव थकबाकीदारांत लागलं असतं, आणि अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात मुलं गमावलेल्या घरांवर तो अन्याय झाला असता. हाक आल्यावर किती तुकड्या, किती दिवसांत आणि कुठल्या जोखमीच्या जागी उभ्या राहतात, वाटणी त्यावर मोजायला हवी. हे मोजणं कठीण आहे आणि अर्धी माहिती गोपनीय असते, म्हणून राजकारणी टक्क्याला धरून बसतात. टक्का अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. दोनाची रेघ नसती तर कित्येक सरकारांनी युक्रेनचं युद्ध पेटेपर्यंत डोळे उघडले नसते.

प्रश्न : ताई, वर्गात शिकवलं की युतीत लहान देश मोठ्यांच्या जिवावर फुकट राहतात. हे खरंच सिद्ध झालं आहे का?
— अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : तुला शिकवलं ते ऑल्सन आणि झेकहाउझर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये मांडलं. युतीच्या ताकदीचा शत्रूवर बसणारा दरारा सर्वांना सारखाच मिळतो, तर लहान देश आपल्या पदरचं कशाला घालेल, हा त्यांचा तर्क, आणि त्या काळच्या आकड्यांशी तो बऱ्यापैकी जुळतही होता. पण आज पोलंड आणि बाल्टिक देश (एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया) उत्पन्नाच्या मानाने सर्वात जास्त खर्च करणाऱ्यांत आहेत, कारण रशिया त्यांच्या दारात आहे. आणि आइसलँड बघ : संस्थापक सदस्य, पण स्वतःचं सैन्यच नाही. तरी शीतयुद्धात केफ्लाविकच्या तळावरून उत्तर अटलांटिकमधल्या सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवली जायची. त्या जागेची किंमत कुठल्या टक्क्यात धरशील? परीक्षेत सिद्धान्त लिहीच, पण ही दोन उदाहरणंही जोड.

प्रश्न : जपान आणि दक्षिण कोरिया आपल्या भूमीवरच्या अमेरिकी फौजेसाठी पैसे मोजतात. आम्ही वसईकर. ही तैनाती फौजच नाही का?
— निवृत्त इतिहास शिक्षक, वसई

उत्तर : सर, तुमच्या गावचाच तह समोर ठेवून उत्तर देते. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ईस्ट इंडिया कंपनीची किमान 6,000 पायदळाची फौज कायमची आपल्या मुलखात घेतली आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या महसुलाचा मुलूख तोडून दिला. कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, हेही कबूल केलं. या तहाला मुदत नव्हती. खर्च भागवायचं साधनच दुसऱ्याच्या हाती गेल्यावर पुढच्या वर्षी घासाघीस करायला पेशव्याकडे उरलं काय?

जपानचा करार मुदतीचा असतो. 1987 पासून असे करार होत आले. 2022 ते 2026 या पाच आर्थिक वर्षांसाठी एकूण रक्कम सुमारे 1.05 लाख कोटी येन ठरली. त्यातला मोठा भाग तळांवरच्या जपानी कामगारांच्या पगारात आणि वीज-पाण्याच्या बिलांत, म्हणजे देशातच राहतो. प्रत्येक कराराला संसदेची मंजुरी लागते. तरीही तुमची शंका मी झटकणार नाही. ज्याची फौज आपल्या अंगणात आहे तो आकडा वाढवायला सांगतो तेव्हा नकार देणं जड जातं, हे कोरियाने 2019 पासून चांगलंच अनुभवलं. अमेरिकेने रक्कम कित्येक पटींनी वाढवून मागितल्याने बोलणी अडली आणि तळांवरच्या हजारो कोरियन कामगारांना काही आठवडे बिनपगारी घरी बसावं लागलं. वाटणीच्या भांडणात सर्वात आधी भरडली गेली ती ही माणसं, आणि मला त्याचा राग येतो. 2024 च्या करारात कोरियाने 2026 साठी 1.52 लाख कोटी वोन मान्य केले, पण पुढची वार्षिक वाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधून घेतली आणि तिला पाच टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आधी ती कोरियाच्या संरक्षण खर्चाच्या वाढीला जोडलेली होती, म्हणजे स्वतःचं सैन्य वाढवलं की अमेरिकेला द्यायचं बिलही फुगायचं. कोरियाने हे कलम बदलून घेतलं, ते फार बरं केलं.